कुंदाबाईचं गाठोडं

आमच्या शेजारच्या कुंदाबाईचा या जगात कोणावरही विश्वास नाही. दूधवाल्याचं माप ती आधी उलटं करून पाहते. दारावर साडीवाला आला की साडीआधी त्याच्या चपला बघते. म्हणते, नव्या चपला घालून दारोदार हिंडणारा साडीवाला नसतो, टेहळणीवाला असतो.

असोद्याच्या पलीकडे आमचं गाव. कापूस घरात भरून ठेवायचा आणि भाव चढला की विकायचा, ही इथली रीत. त्यामुळे होळीपर्यंत कुंदाबाईच्या पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा कापूस असतो, आणि तिचे यजमान तोतारामआबा ओट्यावर बसून त्या कापसाने खाजणारं अंग खाजवत असतात. गावोगाव फिरून दारातच कापूस मोजून नेणारे व्यापारी याच दिवसांत येतात.

मागच्या साली जवळच्या एका गावात अशाच एका व्यापाऱ्याच्या खिशात रिमोट सापडला. बटण दाबलं की काट्यावरचा आकडा खाली! ती बातमी कळल्यापासून कुंदाबाई ग्रामपंचायतीच्या पायरीवर ठाण मांडून बसली, ती नियम करून घेऊनच उठली. चौकात पाटी लागली : बाहेरच्या व्यापाऱ्याने आधी पंचायतीत नोंद करावी, आधारकार्डाची प्रत द्यावी, माल चौकातच सर्वांसमोर मोजावा. गावातल्या कोणी हरकत घेतली तर खरेदीच्या परवानगीची पावती मिळणार नाही. शिक्का पंचायतीचा होता, पण पाटी वाचताना आवाज कुंदाबाईचाच ऐकू यायचा.

नियमाखाली पहिला सापडला रुपचंद. अमळनेरचा, छोट्या टेम्पोतून कापूस नेणारा, वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारा. बोलायला गोड. तेच कुंदाबाईला खुपायचं. "एवढं गोड बोलतो म्हणजे कुठी तरी कापत असन," म्हणायची.

सरपंच भूपेंद्रने त्याला सांगितलं, "आज कुंदाबाईचं एक गाठोडं मोज. तोल तिच्या घरच्या वजनाशी जुळला तर हंगामाची पावती. नाही तर टेम्पो वळवायचा." रुपचंदने मान डोलावली, पण त्याचा चेहरा उतरला. आमच्या गावाने हाकललेला व्यापारी आजूबाजूच्या गावांत कोणी दारात उभा करत नाही. त्याचा हंगाम त्या एका गाठोड्यावर येऊन बसला होता.

आता माझ्या मोरीच्या खिडकीतून कुंदाबाईचं अंगण दिसतं, त्याला मी काय करणार? त्या सकाळी तिने कापूस पसरला, तांब्यात हात बुडवून त्यावर पाणी शिंपडलं, वरखाली केलं, गाठोडं बांधलं आणि घरच्या काट्याला लटकवलं. पाणी शिंपडण्याला ती लबाडी म्हणत नाही. "कापसाचं तोंड धुतलं," म्हणते.

गाठोडं चौकात आलं, पण पंचायतीचा शिपाई पंडित कार्यालयाला कुलूप लावून जेवायला गेलेला. नोंद झाल्याशिवाय मोजायचं नाही, हाही कुंदाबाईचाच आग्रह. रुपचंद म्हणाला, "अक्का, तोपर्यंत सावलीत ठेवू."

"टेम्पोच्या सावलीत? म्हंजे तुह्या हाताजवळ? अजिबात नाही! उन्हातच राहू दे. अन् उघडं राहू दे, साऱ्यायले दिसलं पाहिजे."

मग चौकाच्या मध्यभागी कापूस भर उन्हात उघडा पडला आणि ती छत्री घेऊन राखणीला बसली. रुपचंद नुसता खोकला तरी ती छत्री त्याच्याकडे रोखायची.

पंडित ढेकर देत आला. नोंद झाली, गाठोडं रुपचंदच्या काट्यावर चढलं. सकाळच्यापेक्षा अर्धा किलो कमी.

"पाहा!" कुंदाबाई एवढ्या जोरात ओरडली की पारावरचे पत्ते थांबले. "झाडती घ्या याची!"

रुपचंदचे खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी निघाली, कंगवा निघाला. "त्या मोबाईलात असन बटण!" मोबाईल बंद केला. आकडा तोच. शेवटी गिरणीवरचा काटा आणला. तरी आकडा तोच.

"गिरणीवाल्यालेबी फोडलं यानं!"

भूपेंद्र कंटाळून म्हणाला, "रुपचंद, टेम्पो वळव बाबा. हरकत आहे म्हटल्यावर मी तरी काय करू?"

रुपचंद काटा उचलायला वाकला. तेवढ्यात इतका वेळ पारावर पाठ खाजवत बसलेले तोतारामआबा सरळ मनाने बोलून गेले, "अवं, सकायी तू पाणी मारलं होतं ना? ते उन्हानं वायलं असन."

चौक असा हसला, की टेम्पोखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

रुपचंद हसला नाही. तो काट्याला धरून उभा राहिला आणि कुंदाबाईकडे पाहू लागला. त्याची पावती तिच्या एका शब्दावर अडकली होती.

तिने छत्री मिटली. नवऱ्याकडे असं पाहिलं की आबांची खाज थांबली. मग भूपेंद्रकडे वळून म्हणाली, "हरकत नाही मही. दे त्याले पावती. पण तुहा नियमच अर्धवट होता. पाटीवर आणखी एक ओळ लिही."

ती ओळ आजही तिथे आहे : माल सावलीत मोजावा.

रुपचंद आता पहिला टेम्पो कुंदाबाईच्याच दारापासून चौकात नेतो. मोजण्याआधी हात कोपरापर्यंत गाठोड्यात घालतो आणि बोटं एकमेकांवर चोळून पाहतो. त्या वेळी ती वाकून त्याच्या पायाचा अंगठा बघत असते, काट्याला लागला तर नाही ना.