बारावं गाणं हळू का वाजत होतं

५ ऑक्टोबर, रविवार. काम एवढंच होतं : बारा गाण्यांच्या फाइली तयार करून महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकायच्या. माझे धाकटे दीर प्रमोदभाऊजी जाऊन पाच आठवडे झाले होते. रेल्वेतली नोकरी सांभाळून, चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत त्यांनी मंडळातल्या बायकांची ही गाणी रेकॉर्ड केली. लग्नघरातली, जात्यावरची, विदर्भातून आज्यांबरोबर रायपूरला आलेली. शेवटचा हात फिरवायचा तेवढा राहिला होता... एका सकाळी ड्यूटीवर निघताना, बूट घालता घालताच गेले.

फाइली टाकल्या आणि तासाभरात ब्राह्मणपाऱ्यातून कमलकाकूंचा फोन. वय ब्याऐंशी, बारावं गाणं त्यांचं. "सगळ्याइचा आवाज खणखणीत, अन् माह्याच गाण्याले काहून मागं ढकललं? म्हातारीचा आवाज नको असन तं काढून टाक वो बाई माहं गाणं."

तक्रार खरी होती. सॉफ्टवेअरमध्ये बाराही गाणी सारखी वाजत. फाइल बनवली की काकूंचंच हळू. मी त्या गाण्याचा आवाज चढवून पुन्हा फाइल काढली. तीन वेळा. दर वेळी तेवढंच हळू.

भाऊजी असते तर हसले असते. त्यांच्याजवळ ऐकायला बसलं की ते माझ्या दोन्ही हातांत चहाचा कप द्यायचे. "हव वहिनी, आता ऐका. कप खाली ठेवाचा नाही." कारण गाणं हळू वाटलं की माझा हात स्पीकरच्या बटणाकडे जायचा, आणि मग कोणतं खरंच हळू आहे ते कळणार कसं? सिग्नल विभागातला माणूस. बिघाड सापडल्याशिवाय पाना उचलायचा नाही, ही शिस्त त्यांनी गाण्यांनाही लावली. झांजेच्या एका ठोक्यासाठी त्यांनी अख्खा रविवार घातलेला मी पाहिलाय. "कोणाला ऐकू येणार आहे?" मी म्हटलं. म्हणाले, "जिनं वाजवली तिले येईन न."

मी चहा करून घेतला, कप दोन्ही हातांत धरला आणि नुसती स्क्रीनकडे पाहत बसले. तेव्हा दिसलं. फाइल काढताना 'नॉर्मलाइज'ची खूण सुरू होती. त्यामुळे सॉफ्टवेअर गाण्यातला सगळ्यात मोठा आवाज शोधतं, त्याला वरच्या हद्दीपर्यंत नेतं आणि बाकीचं गाणं त्याच मापाने बसवतं. काकूंच्या गाण्याच्या आलेखात पहिल्या कडव्यानंतर एक उंच सुळका होता. भाऊजींचाच आवाज, माइकला अगदी लागून : "वा काकू! पुढं!" स्वतःचा आवाज ते प्रत्येक गाण्यातून काढून टाकत, अकरा गाण्यांत ते कुठेच नाहीत. इथलं काढायचं राहून गेलं होतं, आणि त्यांच्या शाबासकीपुढे काकू दबल्या होत्या. मी ते तीन शब्द कापले. नियम त्यांचाच. काकू बाकीच्यांच्या बरोबरीला आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी ब्राह्मणपाऱ्यात गेले. काकूंनी मोबाइल कानाशी धरला. आधी खूश दिसल्या. पहिलं कडवं संपलं तशी कपाळाला आठी.

"पम्या बोलला होता इथं."

"काढलं काकू. त्याच्यामुळेच तुमचा आवाज दबत होता."

"मी थांबली होती न वो. गळाच बसला होता. तो बोलला म्हणून पुढं गायली. परत लाव."

भाऊजींनी हे राहू दिलं नसतं. मी घरी परतले, ते तीन शब्द होते तिथे ठेवले, त्यांचा आवाज काकूंच्या आवाजाखाली उतरवला आणि फाइल ग्रुपवर टाकली. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा लागली.