हौसाबाईंनी मागितलेलं उत्तर

"मास्तर, आय गेली," एवढंच बिरू फोनवर म्हणाला. मागून मेंढरांचा आवाज येत राहिला. बोरी बुद्रुकच्या हौसाबाईंना जाऊन आता महिना झाला. त्यांच्या लेकाने ही बातमी मला आपणहून कळवावी, याचं अजून नवल वाटतं.

नव्वदच्या दशकात मी मिशनच्या वसतिगृहात शिक्षक होतो. दिवाळीनंतर हौसाबाई नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन मढवरून माळशेज घाट उतरायच्या, कोकणात जायच्या. बिरूला आमच्या भरवशावर ठेवायच्या. एका वर्षी त्याने वाटेवरच्या मेंढपाळाकडे निरोप धाडला, मला घेऊन जा. कळप नवऱ्यावर सोडून हौसाबाई आल्या. "मास्तर, पोरगं वाळलंय. काय झालंय?" मला ठाऊक होतं. वसतिगृहाचे फादर मुलांवर लैंगिक अत्याचार करत. दोन मुलांनी मला रडत सांगितलं होतं, आणि वरिष्ठांच्या कानावर घालून मी मोकळा झालो होतो. मी म्हणालो, "घरची आठवण येते. रुळेल." मास्तरांचा शब्द मानून ती माउली परत गेली. उन्हाळ्यात फादरांची बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना हार मीच घातला.

पुढे बिरूच्या मुलाला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा कुठे तो आईपाशी बोलला. हौसाबाई तडक माझ्या दारात. मी मान खाली घातली. "शिव्या मागनं देईन. आदी संगट चला," त्या म्हणाल्या.

बिशपांच्या कार्यालयात चहा आला, बिस्किटं आली. आम्ही प्रार्थना करू, पण हे आपल्यातच राहू द्या, असं सांगण्यात आलं. हौसाबाई म्हणाल्या, "च्या लई ग्वाड हाय, सायब. पर तुमास्नी ठावं व्हतं का न्हाई, त्ये सांगा. आन् हितं न्हाई. वसतिगृहाच्या आंगणात, समद्या आयबापांम्होरं."

त्या खोलीत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "ठाऊक होतं यांना. मीच कळवलं होतं."

परतताना एसटीच्या थांब्यावर, चारचौघांत, हौसाबाईंनी शिव्यांचा हिशेब चुकता केला. मग फडक्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. बिरू आणि आणखी दोन जुन्या विद्यार्थ्यांनी पोलिसांत तक्रार दिली. अखेर बिशप वसतिगृहात आले, आईबाप जमले होते. व्यासपीठ होतं, माईक होता. हौसाबाईंनी अंगणात घोंगडी टाकली. "हितं बसा. उंचावरनं लई ऐकलं." ते बसले. मग म्हणाले, "आम्हाला माहीत होतं. आम्ही त्यांना दुसरीकडे पाठवलं. तिथेही मुलं होती."

"आये, बोलला बग," बिरू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला लिहिता येत नाही. खटला अजून चालू आहे. पण त्या दिवसानंतर बिरूला खोटा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

तेव्हापासून हौसाबाई दर महिन्याला वसतिगृहात यायच्या. मुलं जेवायला बसली की मधोमध उभ्या राहून विचारायच्या, "कोन तरास देतं का रं? मोठ्यानं सांगा, म्हातारीला ऐकू कमी येतं!" ऐकू त्यांना चांगलं येत होतं. मुलं हसायची, आणि तक्रारी ओरडून सांगायची. डाळ पातळ आहे, इथपासून पुढे सगळ्या.

परवा मी आणि बिरू गेलो. पंगत बसली होती. बिरूने मला पुढे केलं. मी विचारलं, पण माझा आवाज पहिल्यापासूनच बारीक...

"मोठ्यानं, मास्तर!" पंगतीतून कुणी तरी ओरडलं.

मी मोठ्याने विचारलं.