सिताराम गुरुजींचा दोरा आणि पाणबुडी

सेलूच्या शाळेत भूगोल शिकवणारे सिताराम गुरुजी अंतरावर विश्वास ठेवणारे गृहस्थ होते. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं, तेव्हा बायकोपोरांना घेऊन ते साठ किलोमीटर लांब सेलूला आले आणि वाचले. तेव्हापासून कुठलंही संकट किती लांब आहे, ते नकाशावर दोरा ठेवून मोजायचे.

थोरला पंडित इराकात किर्कूकला वेल्डर होता. नव्वदच्या ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं आणि तिकडं बिनसलं, लोक परतू लागले. पंडितनं पत्रातून विचारलं, येऊ का? गुरुजींनी दोरा लावला. समुद्रापासून सातशे किलोमीटर. कोणत्याही जहाजाची तोफ एवढी लांब पोचत नाही, असं सप्रमाण सिद्ध करून त्यांनी लिहिलं, नोकरी सोडू नकोस. हे पत्र मात्र त्यांनी बायकोला, सरजाबाईला, वाचून दाखवलं नाही.

सतरा जानेवारीला युद्ध पेटलं. चार दिवसांत रेडिओनं सांगितलं की अमेरिकेच्या पाणबुडीनं पाण्याखाली राहूनच क्षेपणास्त्र सोडलं. पल्ला हजार किलोमीटरच्या वर. गुरुजींनी दोऱ्याचं एक टोक किर्कूकवर धरलं. दुसरं कुठं ठेवावं ते कळेना. जहाज निदान दिसतं तरी. ही बया तांबड्या समुद्रात असेल, आखातात असेल, कुठंही असेल.

चहाच्या हॉटेलात कापसाच्या जिनिंगवाले किशनराव म्हणाले, "गुरुजी, नकाशात समुद्र निळा असतो. पाणबुडी कोन्त्या रंगाची दाखवतेत?"

"दाखवत नाहीत."

"मंग पोरायला परीक्षेत इचारू नका."

गुरुजी हसले. चहा तसाच राहिला. त्या आठवड्यात त्यांनी सातवीला आशिया सोडून दक्षिण अमेरिका शिकवली.

घरी सरजाबाई रोज विचारायची, "आज काय म्हनला रेडू?"

"हवा कोरडी राहील."

"समदे आले, पंडितच कसा आला न्हाई? त्याला तिकडं कोन आडवलंय?"

आडवणारा रेडिओचं बटण फिरवत राहिला.

महिनाअखेरीला पोस्टमननं जॉर्डनचं टपाल तिकीट लावलेलं पाकीट आणून दिलं. सरजाबाईला वाचता येत नव्हतं. ती समोर येऊन बसली. गुरुजी वाचू लागले, "अम्मान, बारा जानेवारी. अण्णा, हद्द ओलांडून इथल्या छावणीत आलो आहे. विमानाला नंबर लावला आहे. पत्ता मागे लिहिला आहे."

पुढच्या ओळीवर ते थांबले. ती गाळली असती तर कुणाला कळणार नव्हतं. पण लिहिलंय तसं वाच, म्हणून वीस वर्षं त्यांनी पोरांना छड्या मारल्या होत्या.

"तुम्ही राहा म्हणाला होतात, पण मी ऐकलं नाही. माफी असावी."

सरजाबाईनं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"म्हंजी तुमीच ऱ्हा म्हनले व्हते."

"हो."

"अन् त्यानं ऐकलं न्हाई."

"नाही."

"लय बरं केलं. शाळंत बी कवा ऐकत नव्हता तुमचं." तिनं पदरानं डोळे पुसले. "पर हे बाराचं हाय. इमान भेटलं का न्हाई, कुनाला ठाव. लिवा त्याला, सरळ घरी ये. अन् टाकायच्या आधी मला वाचून दावा."