तिसरा बेस कुणाचा

बारक्या माझा सख्खा धाकटा भाऊ. आठवडाभर चाव्या बनवतो आणि सुट्टीच्या दिवशी बेसबॉलच्या मॅचला अंपायर असतो. मी सातवीत शाळा सोडली, पण माणूस ओळखतो. असा अंपायर आमच्या भागात दुसरा नाही. भाऊ आहे म्हणून सांगत नाही. बरं, म्हणूनही सांगतो.

तो म्हणतो, दादा, नुसतं जवळ जाऊन भागत नाही, कोन साधावा लागतो. चेंडू आणि बेस दोन्ही दिसतील तिथं आधी पोचायचं, पाय रोवायचे, मग बघायचं.

बेस चार, अंपायर दोन. म्हणून वाटणी. त्याचा जोडीदार शिंपी. नऊ वर्षांची जोडी. बारक्याची पँट तो माप न घेता शिवतो. शिंपी होमच्या, म्हणजे फलंदाज उभा असतो त्या बेसच्या मागे, बारक्या मैदानात. पहिल्या बेसवर धावणारा असला की शिंपी अंगठा तिसऱ्याकडे करणार. म्हणजे तिसरा माझा, तू मागून चेंडू मारून पळणाऱ्याकडे बघ.

त्या दिवशी फायनलसाठी दोघांतला एक निवडायला संघटनेचे मोठे साहेब आले होते. शिंप्यानं अंगठा केला. मी कुंपणापाशी होतो, या डोळ्यांनी पाहिलं. चेंडू लांब गेला, बारक्या मागच्या धावणाऱ्याकडे वळला. पुढचा तिसऱ्यावर घुसला, तर तिथं कुणीच नाही. शिंपी होमवरच उभा. बारक्याला लांबून धावणाऱ्याची नुसती पाठ दिसली. सेफ म्हणाला, म्हणजे वाचला. होता आउट.

साहेबांनी विचारलं, तिसरा कुणाचा होता? शिंपी बारक्याकडे न बघता म्हणाला, "मी इशारा केलाच नव्हता."

मी कुंपणावरून सांगितलं, केला होता. साहेब म्हणाले, "तुम्ही सकाळपासून भावाचं कौतुक सांगताय, तेच ना?" सगळे हसले. फायनल शिंप्याला मिळाली.

बारक्या घरी जेवला नाही. मला एवढंच म्हणाला, "दादा, शिंपी नुसता गुडघा दुखतोय म्हणाला असता तर तिसराही मीच पळालो असतो."

दुसऱ्या दिवशीही सुट्टी. सकाळी तिथंच मॅच, तीच जोडी. पहिल्या बेसवर धावणारा आला. शिंप्यानं अंगठा केला. बारक्यानं दोन्ही हात वर करून खेळ थांबवला, चालत होमपाशी गेला.

"तोंडानं सांग."

शिंपी खाली बघत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं."

"तिसरा माझा," शिंपी म्हणाला. कुंपणापर्यंत ऐकू आलं.