आईची मिल्का

मिल्का दुबईला येतेय हे कळलं आणि आमच्या आईचे गुडघे दुखायचे थांबले. खोटं नाही सांगत. चार वर्षं ती माझ्याकडे, शारजाच्या अल मजाजला राहतेय. चार वर्षं मी त्या गुडघ्यांना तेल चोळतेय, डॉक्टर बदलतेय. आणि त्या बयेचा एक फोन काय आला, आमच्या मातोश्री स्टुलावर चढून वरच्या कपाटातलं इरकल काढतायत! मी ओरडले, "आई, पडशील!" तर म्हणते, "नाही गं पडत. मिल्का येतेय."

आई तशी साधी बाई. नाव मुक्ताबाई, शाळा चौथीपर्यंत. इथे आली तेव्हा हिंदीचा गंध नव्हता. आता खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातल्या, वली पठाणाला मराठीतून फैलावर घेऊन मागची ताजी कोथिंबीर काढायला लावते आणि वर "यल्ला, यल्ला" करत अरबीतून घाई करते. संध्याकाळी साडीवर स्पोर्ट्स शूज घालून तळ्याकाठी फिरते. सगळ्या बिल्डिंगची ती आजी आहे. रडताना मात्र मी तिला कधी पाहिलं नाही. बाबा गेले तेव्हा पाहुण्यांना चहा देत होती.

मिल्का आमची शेजारीण. चौलजवळच्या आमच्या गावात बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, चार घरं होती, त्यातलं एक आमच्या भिंतीला भिंत लावून. मिल्का लहान असतानाच तिची आई तापात गेली. वडील मुंबईला गोदीत कामाला, आठवड्याने यायचे. मग ती पोर आमच्याच घरात वाढली. माझ्याहून वर्षानेच मोठी. एका पांघरुणात झोपायचो, एका लुगड्याचे दोघींना दोन परकर व्हायचे. वडिलांनी इस्रायलला जायचं ठरवलं आणि तिला घेऊन गेले. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नव्हती, एवढं मला आठवतं.

ती गेली, पण गेली कुठे? माझ्या डोक्यावर बसली. माझं अक्षर किरटं, मिल्काचं मोत्यासारखं. माझी भाकरी फाटते, मिल्काची एवढ्याशा हाताने पण कशी फुगायची! मी सी.ए. झाले, जुमेरा लेक टॉवर्समध्ये स्वतःची केबिन मिळवली, तर आई म्हणाली, "छान. मिल्का पण हिशेबात हुशार होती हो." ती तिकडे दिमोनाला नर्स झाली, हिशेबाचा काय संबंध? मी कधी वैतागून म्हणायचे, "तुझा जीव तिच्यातच आहे." त्यावर आईचं ठरलेलं उत्तर, "वेडी की काय तू!"

मिल्का यायच्या आदल्या दिवशी आईने फर्मान काढलं, मलिदा करायचाय. मलिदा म्हणजे त्यांचा एलियाहू नबीच्या नावाचा प्रसाद. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. नारळ पाच दिरहमचा, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या घरात, एरवी आईने ऐकून देवाचं नाव घेतलं असतं. त्या दिवशी दोन आणवले.

"आता मध्येच मलिदा कशाला?" मी विचारलं.

"नवस बोलले होते. पोर पुन्हा डोळ्यांनी दिसली तर मलिदा करीन म्हणून."

घ्या! माझ्या बारावीला नवस नाही, माझ्या बाळंतपणात जीव टांगणीला लागला होता तेव्हा नवस नाही. आणि हिच्यासाठी थेट दुसऱ्यांच्या नबीला! माझी सान्वी सोफ्यावरून म्हणाली, "आजी, दॅट्स सो स्वीट!" मी तिला म्हटलं, गप्प बस, अभ्यास कर. ती म्हणाली, "चिल, मम्मा." कसली चिल? माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मिल्का टूर ग्रुपबरोबर आली होती. रविवारी ग्रुपला मोकळा वेळ होता, तेव्हा तिने जुन्या दुबईत खाडीजवळ एक छोटं म्युझियम सुचवलं. ज्यूंचा इतिहास आणि युरोपात मारल्या गेलेल्यांचं स्मरण, असं दोन्ही तिथे होतं. "मावशीबरोबरच बघायचंय मला," असं फोनवर म्हणाली. माझं नाव नाही. मी काय, ड्रायव्हर!

दारातच उभी होती. पांढरे आखूड केस, सपाट चपला, चांगली जाडजूड झालेली. मला आतून बरं वाटलं, कशाला लपवू? पण तिने हाक मारली, "मुक्तामावशे!" अगदी आमच्या गावचा हेल. माझ्या बोलण्यातून तो कधीच गेलाय. आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि धरूनच ठेवलं. मी पार्किंगचं ॲप उघडून उगाच बघत राहिले.

मलिद्याचा डबा आत नेऊ देईनात. आई रिसेप्शनवरच्या मुलीला समजावत होती, "बाळा, प्रसाद आहे गं." मिल्का हसून म्हणाली, "मावशे, मलिद्याच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात." आई म्हणाली, "आता इथे दहा पुरुष कुठून उभे करू?" दोघी खिदळल्या. डबा काउंटरवर राहिला.

नबिला नावाची गाईड आम्हाला फिरवत होती, छान हिंदी बोलायची. एका काचेत दाराच्या चौकटीला लावतात ती लांबट डबी होती. आईने काचेला बोटं लावली आणि ओठांशी नेली. गार्ड धावत आला, "मॅडम, नो टच!" आई म्हणाली, "यांच्या दारातून आत जाताना असंच करायचं असतं, हो ना मिल्का?" मिल्काचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, झालं यांचं सुरू.

मग आतली खोली लागली. तिथे मारल्या गेलेल्या मुलांचे फोटो होते. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. एका भिंतीवर रेल्वेत बसलेल्या मुलांचा फोटो होता, प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची पट्टी. नबिला म्हणाली, जर्मनीतल्या ज्यू आईबापांनी मुलं तरी जगावीत म्हणून त्यांना एकटंच इंग्लंडला परक्यांकडे पाठवलं. खूप जणांना आईबाप पुन्हा दिसलेच नाहीत. एवढं सांगून ती दाराशी जाऊन उभी राहिली.

मिल्का फोटोकडेच बघत बोलली, "मावशे, या आयांनी पोरांचा जीव वाचावा म्हणून पाठवली. तू मला कशासाठी पाठवलंस?"

"आईने कुठे पाठवलं?" मीच मध्ये पडले. "तुझे बाबा घेऊन गेले की."

"बाबा मला ठेवून जायला तयार होते, संपदा. मावशी नको म्हणाली. शेवटच्या आजारात सांगितलं त्यांनी मला."

मी आईकडे बघितलं. तिने फोटोपुढच्या कठड्याचा दांडा घट्ट धरला होता.

"खरं आहे," ती म्हणाली. "दोघींना ताप आला की माझा हात आधी तुझ्या कपाळाकडे जायचा. भाकरीचा पापुद्रा तुझ्या ताटात पडायचा. संपदा नुसती बघत बसायची. पोटची पोर ही, आणि माझा जीव तुझ्यात. मी खूप आवरलं, नाही आवरलं. तू राहिली असतीस तर हिला आई उरली नसती. म्हणून नको म्हणाले."

मी तिथेच होते, हातभर अंतरावर. आयुष्यभर मी जे म्हणत आले ते खरं होतं, आणि आयुष्यभर हिने मला वेडी ठरवलं होतं. त्या मेलेल्या पोरांच्या समोर माझं हे कसलं रडगाणं, हेही कळत होतं. तरी तोंडातून गेलंच, "मला हे कशाला ऐकवलंस गं?"

"तुला ठाऊकच होतं की," आई म्हणाली.

मिल्का माझ्याकडे वळली. एवढा राग मी तिच्या तोंडावर लहानपणीही पाहिला नव्हता. "सकाळी उठलीस की ती दिसते ना तुला? रोज? मग अजून काय हवंय गं तुला?"

काय हवंय? जे तिचं होतं तेच हवं होतं. बावन्न वर्षांची बाई मी, पोर कॉलेजात जाईल पुढच्या वर्षी, आणि मला तो आधी जाणारा हात हवा होता. मला रडू फुटलं. मिल्का तर केव्हाचीच रडत होती.

आईने पदर बोटांत धरून हात उचलला. तो मिल्काकडे निघाला होता, मी नीट पाहिलं. मध्येच थांबला, वळला आणि माझ्या गालाशी आला. मी तो मनगटाला घट्ट पकडला आणि सोडला नाही. मिल्काने आपले डोळे आपणच पुसले.