विलासने पक्ष बदलला नव्हता

विलास गेल्याचं कळलं तेव्हा मी राजोडीला भाचीकडे होतो. त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. सकाळी चहा घेता घेता त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं... एवढंच त्या बोलल्या. मी रिक्षात बसलो आणि मोबाइल वाजायला लागला. आमच्या मित्रांच्या ग्रुपवर श्रद्धांजल्या सुरू झाल्या होत्या. 'तत्त्वनिष्ठ', 'निःस्वार्थी', 'आम्हा सगळ्यांचा गुरू'. ज्यांनी वर्षभर त्याच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं, तेच हात जोडल्याची चित्रं टाकत होते. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही.

आम्ही दोघं मनवेलपाड्यात एकाच इमारतीत राहायला आलो तेव्हापासूनची ओळख. विलास छापखान्यात मराठी मजकूर जुळवायचा. कॉम्प्युटर आले तसा तो तेही आपला आपण शिकला आणि निवृत्त झाल्यावर त्याने सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारचा मोफत वर्ग काढला. कुठल्या कुठल्या ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर आणायचे, स्वतः उघडून दुरुस्त करायचे, त्यांत कॉम्प्युटर चालवणारी, फुकट मिळणारी प्रणाली घालायची आणि आजूबाजूच्या बायकांना शिकवायचं. एका बड्या कंपनीवर मात्र त्याचा विलक्षण राग. नाव घेत नाही. तिचे कॉम्प्युटर महाग, चकचकीत आणि बाहेरच्या माणसाला हात लावू न देणारे. "ज्याचं झाकण आपल्याला उघडता येत नाही, ते आपलं कसं?" हे त्याने इमारतीतल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

मग त्याचे डोळे जायला लागले. काचबिंदू. वसईच्या डॉक्टरांकडे मीच त्याला घेऊन गेलो होतो. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. बाहेर आल्यावर विलासने माझ्याकडून वचन घेतलं, की हे कुणालाही सांगायचं नाही. वर्गातल्यांना तर नाहीच. त्याच्या फुकटच्या प्रणालीतही पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज होता. पण तो मराठी असं वाचायचा, की जोडाक्षर आलं की वाक्य कोसळायचं. सुरुवातीला विलास हसायचा. नंतर हसू बंद झालं. कित्येक महिने त्याने त्या आवाजाशी झुंज घेतली... आणि एक दिवस पुतणीच्या घरी, तो जिला नावं ठेवायचा त्याच कंपनीच्या कॉम्प्युटरला त्याने स्वच्छ मराठी वाचताना ऐकलं. पुढच्याच महिन्यात तसाच कॉम्प्युटर विलासच्या टेबलावर आला. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "मला वाचायचंय रे. बाकी काही नाही."

विलास तो कॉम्प्युटर वर्गातही न्यायला लागला. वर्गाची व्यवस्था बघणाऱ्या राणेंना तो दिसला आणि ग्रुपवर थट्टा सुरू झाली. विलासने पक्ष बदलला, विलासला कमिशन मिळतं. तो एका कानात इयरफोन घालून शिकवायचा, पडद्यावरचं ऐकायला. तर गुरुजी वर्गात गाणी ऐकतात, हेही झालं. शेवटी राणेंनी चारजणांना घेऊन बैठक बोलावली. वर्ग ज्या विचाराने सुरू झाला तो विचारच ज्याने सोडला, त्याने आता शिकवू नये, असं ठरलं. विलासने हॉलची किल्ली काढून दिली. जिन्यात मी त्याच्यावर ओरडलो, की आत जाऊन खरं काय ते सांगून टाक. तो म्हणाला, "डोळे गेले म्हणून मला ठेवून घेतील. तसं नकोय मला." आणि कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत वर गेला.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. राणे बोलायला उभे राहिले. माणूस मोठा होता, शेवटी जरा वाट चुकला, पण आपण ते विसरू या, असं म्हणाले. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच 'सांगा' म्हटलं. मी उठलो आणि सगळं सांगितलं. त्याला दिसत नव्हतं, हे सांगितलं. राणे म्हणाले, "त्याने आम्हाला सांगायला हवं होतं." मी विचारलं, "तुमच्यापैकी एकाने तरी त्याला 'का' म्हणून विचारलं होतं?" तेव्हा मागून वर्गातल्या कदमबाई उठल्या. "आम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. सर पडद्यावर भलत्याच ठिकाणी बोट ठेवायला लागले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं होतं. मग सगळ्याजणी टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवायला लागल्या. सरांना सांगितलं, की त्यामुळे आमच्या चुका आम्हाला कळतात. त्याला वर्ग सोडावा लागल्यावरही त्या दर रविवारी त्याच्या घरी शिकायला जात होत्या; आणि त्याला कळू दिलं नव्हतं, की आपल्याला कळलंय.

मला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं. उलट विलासचाच राग आला. ज्या बायकांच्या दयेची त्याला भीती वाटत होती, त्यांनी दया केलीच नव्हती. आणि हे त्याला न कळताच तो गेला... सांगायला आता कुणी नाही.

परवा वहिनींकडे गेलो तर त्या त्याच्या टेबलाशी बसल्या होत्या. कॉम्प्युटर सुरू होता आणि बोलत होता. इतका भरभर, की मला एक शब्द कळेना. विलासने आवाजाचा वेग वाढवत वाढवत कुठल्या कुठे नेला होता. त्याला सगळं पटापट वाचायची घाई. मी म्हटलं, "वहिनी, हळू करून देऊ का?"

"नको भावोजी," त्या म्हणाल्या. "मला समजून घ्यायचं नाहीये. ते ज्या वेगाने ऐकायचे, तसंच ऐकायचंय."

मी शेजारची खुर्ची ओढली आणि न कळणारं ते मराठी ऐकत बसलो.