पुटू आणि पुढची हरणं

उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या कोबुक नदीकाठचा पुटू उन्हाळाभर पाहुण्यांना होडीतून रानात फिरवायचा. मनानं चांगला, पण कुणाला नाही म्हणणं काही त्याला जमायचं नाही.

आमचं हिवाळ्याचं मांस म्हणजे कॅरिबू हरणं. उन्हाळा सरता सरता त्यांचा कळप नदी ओलांडतो. पुढच्या हरणांना कुणी आडवं जायचं नाही. ती सुखरूप पार झाली की मागची त्याच वाटेनं येतात.

त्या वर्षी कळप काठाशी आला तेव्हा होडीतले पाहुणे म्हणाले, "पुटू, जरा जवळून फोटो काढू दे की." यानं होडी हरणांकडं वळवली. पुढची हरणं बिचकून माघारी फिरली, अन् अख्खा कळप लांबून निघून गेला. गावात एकालाही मांस मिळालं नाही.

"शिव्या तरी घाल गं," पुटू आईला म्हणाला.

"शिव्या शिजवून खाता आल्या असत्या तर घातल्या असत्या," म्हातारी म्हणाली. "ऊठ, जाळं टाक."

जाळ्यात काही घावलं नाही. मग शेजारचा उगारुक एक मासा घेऊन आला. त्याच्याच घरी चार पोरं खाणारी. "म्हातारीचा वाटा आधी," एवढंच बोलला. पुटूकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

आईनं मासा उकडून निम्मा लेकापुढं ठेवला. पुटूनं त्याला हात लावला नाही; मासा तसाच गार होत गेला.